शंतनूच्या रायफलीचा निकाल

२० ऑगस्ट २०१७, रविवार

आज चिरंजीव सडबरीहून आले, जेवणाच्या टेबलावर एक रायफल ठेवली, आईच्या हातचं जेवले आणि परत गेले. जाताना मला म्हणाले, "टेक युअर टाइम, बाबा. बट बी ऑनेस्ट." चौतीस वर्षं मी इथे कॅनडात, विंडसरमध्ये, मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम केलं. माझ्या सहीशिवाय एक ब्रेक गेटबाहेर पडला नाही. पाठीमागे मला 'रिजेक्ट सुधाकर' म्हणायचे. ते मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. आणि आता शंतनू मला प्रामाणिकपणा शिकवतो.

गेल्या वर्षी त्याने किचनरमधली सॉफ्टवेअरची चांगली नोकरी सोडली आणि सडबरीला शिकारीच्या सामानाचं दुकान थाटलं. आमच्या घराण्यात कोणी कधी उंदीर मारला नसेल. इथल्या मराठी मंडळात कोणी विचारलं तर मी "इम्पोर्टमध्ये आहे" म्हणतो. आमचे डॉक्टर जनार्दन खवचटपणे पुढे विचारतात, "कसलं इम्पोर्ट?" मी म्हणतो, "स्पोर्ट्सचं."

आता त्याने तुर्कस्तानातल्या कुठल्याशा लहान कारखान्याची रायफल आणायचं ठरवलंय. लिव्हर-ॲक्शन. म्हणजे चापाभोवतीची दांडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, वर घेतली की नवं आत जातं. अमेरिकन बनावटीची घ्यायची तर दुप्पट पैसे पडतात. तिकडच्या शिकाऱ्यांना स्वस्त हवी आहे, पण स्वस्त म्हटलं की भरवसा वाटत नाही. तो भरवसा मी द्यायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी हरणांचा हंगाम सुरू होतो. त्याच्या आत ही रायफल चालली तर दुकान तरेल, नाहीतर बुडेल, असं त्याच्या आईने, शुभदाने, मला भांडी विसळता विसळता सांगितलं. तिला त्याने सांगितलं असणार. मला नाही सांगितलं.

बत्तीस वर्षांचा झाला. आज पहिल्यांदा त्याने माझ्याकडे काही मागितलं. तेसुद्धा रिपोर्ट.

२४ ऑगस्ट, गुरुवार

उद्या गणपती. वर शुभदा मखर सजवते आहे आणि खाली बेसमेंटमध्ये माझ्या बेंचवर रायफल आहे. "बाप्पाच्या पायाखाली बंदूक बरी दिसत नाही," म्हणाली. मी म्हटलं, "त्याच्या स्वतःच्या हातात परशू असतो. त्याला सवय आहे."

लायसन्स माझ्याकडे आहे. रिटायर झाल्यावर कारखान्यातल्या मित्रांनी कोर्स करायला लावला होता. त्यांच्याबरोबर एकदा रानटर्कीच्या शिकारीला गेलो. टर्की समोर आल्यावर मला खोकला आला, पुन्हा कोणी बोलावलं नाही. पण एसेक्सच्या पुढे क्लबची रेंज आहे, तिथे मी जात राहिलो. कागदावर नेम धरायचा आणि नंतर भोकांमधलं अंतर मोजायचं, यात मला समाधान मिळतं. मोजता येतं त्याबद्दल वाद होत नाहीत.

आज नुसती तपासली. लाकूड धातूला नीट भिडलेलं नाही, कडेवरून नख फिरवलं की पायरी लागते. काडतूस आत सरकवायच्या झडपेची धार तशीच ठेवली आहे. माझा अंगठा कापला. स्क्रूच्या खाचा कोणीतरी घाईत पिळलेल्या दिसतात. लिव्हर खरखरते. नळी मात्र आतून सरळ आणि स्वच्छ आहे. दोनदा पाहिली, कारण पटेना.

१० सप्टेंबर, रविवार

पहिली चाचणी. शंभर यार्डांवर, वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, दुर्बीण न लावता. पाच गोळ्या तळहातात मावतील एवढ्या जागेत. नळी गार होऊ दिली, पुन्हा पाच. पुन्हा तळहात. या किमतीच्या रायफलीने याहून अधिक काही करायची गरज नाही.

घरी येताना गाडीत मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचाच राग येत होता. पोराने पारखून चांगला माल आणला असेल, ही शक्यता मी धरलीच नव्हती.

शुभदाने विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "अहो, फोन करून एवढं तरी सांगा त्याला. एक चांगला शब्द बोललात तर जीभ झडणार नाही." मी सांगितलं की एका दिवसावरून निकाल देत नसतात. हे खरंच आहे. आम्हाला हेच शिकवलं होतं.

१७ सप्टेंबर, रविवार

पुन्हा तळहात. लिव्हर आता मऊ चालायला लागली आहे. झडपेची धार मी कानस मारून घालवली. फोन केला नाही.

२४ सप्टेंबर, रविवार

शंतनूने दुकानाच्या वेबसाइटवर माझा फोटो टाकला आहे. खाली इंग्रजीत लिहिलंय की ही रायफल सध्या माझे वडील तपासत आहेत, चौतीस वर्षं ऑटो क्वालिटीत होते, त्यांनी आजवर काहीही सहजासहजी पास केलेलं नाही, मलासुद्धा नाही. त्यावर लोकांनी हसरे चेहरे टाकलेत आणि बुकिंग करायला लागलेत. फोटो माझी पुतणी मृणालिनी हिच्या लग्नातला आहे. शुभदाने पुरवला असणार.

मी फोन करून विचारलं, न विचारता माझं नाव कसं वापरलंस. तो म्हणाला, "आय थॉट यू'ड बी प्राउड, बाबा." मी म्हटलं, "निकाल लागायच्या आधी पेढे वाटत नाहीत." तो "ओके" म्हणाला. त्याचं हे "ओके" मला त्याच्या लहानपणापासून माहीत आहे. त्यानंतर तो बोलत नाही.

फोटो तसा बरा आला आहे.

३० सप्टेंबर, शनिवार. दसरा

काल खंडेनवमी झाली. दर वर्षी शुभदा माझा जुना मायक्रोमीटर, गाडीच्या किल्ल्या आणि स्वयंपाकघरातली विळी पाटावर मांडून पुजते. या वर्षी म्हणाली, "घरात खरं शस्त्र असताना मी विळीवर भागवू होय?" मी नळीचं माप घ्यायला रायफल सोडवून ठेवली होती. नळीखालचं लाकूड निराळं, ते आवळून धरणारं कडं निराळं, स्क्रू वाटीत. म्हटलं, थांब, जोडून देतो. पण तिचा मुहूर्त टळत होता. तशीच उघडी पाटावर ठेवली. हळद, कुंकू, अंगणातला झेंडू आणि कुंकवात भिजवलेल्या मूठभर अक्षता. हात जोडून मोठ्याने म्हणाली, "शंतनूच्या दुकानाला यश दे." देवाला ऐकू जावं म्हणून की मला, कोण जाणे.

पुजलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, म्हणून बेसमेंटला कुलूप घालून तिथेच राहू दिली. आज सोनं देऊन झालं. सोनं म्हणजे मागच्या मेपलची पानं, इथे आपटा कुठून आणायचा. मग मी खाली गेलो. ती मऊ फडकं घेऊन मागोमाग आली. "थांबा, मी नीट पुसून देते. अक्षता सांदीकोपऱ्यात जाऊन बसतात. देव्हाऱ्यातून रोज काढते मी." मी म्हटलं, "तुला यातलं काही कळत नाही. हात लावू नकोस." वरवर पुसली, लाकूड बसवलं, कडं चढवलं, स्क्रू पक्के आवळले. उद्या सकाळी रेंजला लवकर पोचायचं आहे, नाहीतर चांगला बाक मिळत नाही.

१ ऑक्टोबर, रविवार

बिंग फुटलं. पहिल्या दोन गोळ्या ठीक लागल्या. नळी तापली तशी पुढची प्रत्येक गोळी आधीच्या गोळीच्या वर. पाचवी तर कागदाच्या वरच्या कडेला. गार होऊ दिली, पुन्हा झाडल्या, पुन्हा तीच शिडी. म्हणजे आधीचे दोन्ही रविवार हा नुसता योगायोग होता. स्वस्तातलं पोलाद, आतला ताण नीट काढलेला नसणार. तापलं की वाकतं. मला वाटलंच होतं.

येताना मी शीळ घालत होतो. शुभदाने दारातच विचारलं, "चांगली बातमी दिसते?" मी नाही म्हटलं.

७ ऑक्टोबर, शनिवार

आठवड्यात आणखी दोनदा जाऊन आलो. शिडी कायम. शंतनूला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, आय शॉट फाइव्ह ऑफ देम मायसेल्फ. ऑल फाइन. तुमच्याकडे काही चेंज झालंय का? बिटवीन द गुड डे अँड द बॅड डे?"

प्रश्न बरोबर होता. लाइनवरच्या माणसांना मी आयुष्यभर हाच प्रश्न विचारत आलो: काल चालत होतं, आज चालत नाही, मध्ये काय बदललं? पण तो मला विचारणारा हा कोण? हा रांगत होता तेव्हापासून मी नापास माल ओळखतोय. मी म्हटलं, "माझ्याकडे काही बदलत नसतं."

संध्याकाळी रिपोर्ट लिहून पाठवला. लाकूड, झडप, स्क्रू, नळी, सगळं क्रमाने. पहिल्या दोन रविवारांचा उल्लेख एका ओळीत केला, कारण त्यावर विसंबता येत नाही. शेवटी एकच शब्द: नापास. किती वर्षांनी हा शब्द लिहिला. लिहून झाल्यावर चहा केला आणि तो चांगला लागला.

९ ऑक्टोबर, सोमवार. थँक्सगिव्हिंग

शंतनू आला. जेवण होईपर्यंत हवापाण्याचं बोलणं चाललं. मग त्याने विषय काढला.

"आय'म नॉट पुलिंग इट, बाबा. एक पीस खराब असेल. वन. मी दुसरी आणून देतो, ती टेस्ट करा."

"एक नापास म्हणजे लॉट नापास."

"धिस इज नॉट ब्रेक्स."

"गोळी आहे. ब्रेकपेक्षा कमी धोक्याची का?"

"नोबडीज गेटिंग हर्ट. नेम थोडा वर जातोय, दॅट्स ऑल. बाकीच्या पाच चांगल्या आहेत, मी सांगतोय ना."

"तू सांगतोस म्हणूनच मी बघतो," मी म्हटलं. हे जरा जास्त झालं असेल. पण तोंडातून गेलं.

शुभदाने मध्ये बासुंदीच्या वाट्या आणून ठेवल्या. कोणी हात लावला नाही. शेवटी तो म्हणाला, "फाइन. तुमचं नाव काढतो साइटवरून. आय शुडन्ट हॅव आस्क्ड." आणि बाहेर थंडी नसताना जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून निघून गेला. शाळेत असताना प्रगतिपुस्तक दाखवून झालं की असाच खोलीत जायचा.

शुभदाने तिन्ही वाट्यांतली बासुंदी परत पातेल्यात ओतली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुंभ जळतो, पीळ जळत नाही."

१० ऑक्टोबर, मंगळवार

त्याने नाव काढलं, फोटोही काढला. पण आधी ज्यांनी वाचलं त्यांचं काय? ते माझ्या नावावर रायफल घेणार आणि शिव्याही माझ्या नावाने घालणार. म्हणून शिकाऱ्यांच्या एका मोठ्या फोरमवर सगळा रिपोर्ट टाकला, स्वतःच्या नावानिशी. शुभदाला विचारलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे मला कळतं. पण दात किडका असला तर सांगायला नको का?

रागाने केलं असं कोणी म्हणेल. रागाने नाही केलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

फोरमवर धमाल चालली आहे. कोणीतरी जुन्या वेबसाइटवरून नातं शोधून काढलं आणि मथळा दिला: सख्ख्या बापाने मुलाची रायफल नापास केली. अल्बर्टापासून न्यू ब्रन्सविकपर्यंतची माणसं लिहिताहेत. 'असा इन्स्पेक्टर आता मिळत नाही.' 'रिस्पेक्ट, सर.' रिटायर झाल्यापासून मला कोणी सर म्हटलं नव्हतं. सकाळपासून एकेकाला उत्तर देतोय. एकाने विचारलं की माझी जुनी रायफल पाठवली तर तपासून द्याल का.

दुपारी शुभदा बेसमेंटमध्ये उतरली. "बुकिंग कॅन्सल व्हायला लागलीत म्हणे. धडाधड. तुम्ही काय केलंत?" सांगितलं. ती जिन्याच्या पायरीवरच बसली.

"घरात बोलून झालं होतं ना?" म्हणाली. "तेवढ्यावर भागलं नाही तुमचं?"

मी तिला 'रिस्पेक्ट, सर' दाखवणार होतो. मग नाही दाखवलं.

१८ ऑक्टोबर, बुधवार

शंतनूचा मेसेज आला: रायफल परत पाठवा. वर 'बाबा' नाही, खाली नाव नाही.

पॅक करायच्या आधी साफ करून द्यावी म्हणून सोडवली. लाकूड काढलं. नळीच्या खालच्या अंगाला, जिथे कडं आवळतं तिथे, तांदळाचा एक दाणा. चिरडून चपटा झालेला, लाल. भोवती गंजाचा ठिपका. नळी तापली की फुगते, तिला खालून जागा लागते. तिथे हा बसला होता. त्याच्यावर टेकून ती प्रत्येक गोळीला वर उचलली जात होती.

मी स्टुलावर बसलो. वरून चकल्यांच्या तळणीचा वास येत होता. उद्या लक्ष्मीपूजन. शुभदा कोणाशी तरी फोनवर हसून बोलत होती, बऱ्याच दिवसांनी. दाणा नखाने काढला आणि कचऱ्यात टाकला. मग कचऱ्याची पिशवी बांधून बाहेरच्या डब्यात नेऊन टाकली.

२२ ऑक्टोबर, रविवार

पाडवा, भाऊबीज उरकली. शंतनू आला नाही. रायफल अजून पाठवलेली नाही. आज नीट साफ करून, जोडून रेंजवर नेली. तळहात. पुन्हा तळहात. नळीला हात लावता येईना इतकी तापवली, तरी तळहात. शेजारच्या बाकावरच्या माणसाने माझा कागद पाहिला आणि म्हणाला, "नाइस रायफल. हू मेक्स इट?" मी म्हटलं, "माझी नाही." गोळ्या संपेपर्यंत झाडत राहिलो. वाटत होतं, एक तरी वर जाईल.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवस विचार करतोय. खरं लिहायचं तर काय लिहायचं? माझ्या बायकोने रायफलीची पूजा केली आणि तिच्या अक्षतांनी ती बिघडली? ते लोक हसतील, हसोत. पण शुभदा वाचेल. मुलाच्या यशासाठी हात जोडून वाहिलेल्या अक्षतांनीच त्याचं दुकान बुडवलं, हे तिला कळलं तर ती त्यातून उठायची नाही. आणि गप्प बसावं तर शंतनू बुडतो.

शेवटी मार्ग काढला. फोरमवर लिहिलं: 'रायफलीत दोष नाही. तपासणाऱ्याने ती पुन्हा जोडताना नीट साफ केली नव्हती. चूक पूर्णपणे माझी आहे. रायफल पास.' अक्षतांचं नाव नाही, पूजेचं नाही, शुभदाचं नाही.

जन्मात एक खोटा आकडा लिहिला नाही. आज बायकोसाठी आणि मुलासाठी धडधडीत खोटं लिहिलं आणि चौतीस वर्षांची अब्रू स्वतःच्या हाताने वेशीला टांगली. याचं कोणी कौतुक करणार नाही. कोणाला कळू नये म्हणूनच तर केलं.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

बैल गेला आणि झोपा केला. पहिल्या मजकुराला पानांमागून पानं उत्तरं आली होती, याला मोजकी. एकाने लिहिलं, 'पोराने म्हाताऱ्याला गप्प केलेलं दिसतंय.' दुसऱ्याने लिहिलं, 'जोडताना साफ न करणाऱ्याला इन्स्पेक्टर कोणी केलं?' सर कोणी म्हटलं नाही.

शुभदाने आयपॅडवर वाचलं. चष्मा काढून मला म्हणाली, "जोडताना नीट साफ केली नव्हती म्हणता. मी पुसून देते म्हटलं होतं."

मी पेपरमधून वर पाहिलं नाही. ती खऱ्याच्या किती जवळ आली होती हे तिला कळलंसुद्धा नाही. थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. पुढे काही विचारलं नाही, सुटलो.

६ नोव्हेंबर, सोमवार

आज हंगाम सुरू झाला. शंतनूच्या रायफली खोक्यांत पडून आहेत. बुकिंग केलेली माणसं दुसरीकडे गेली. तुर्कस्तानवाल्यांनी एजन्सी काढून घेतली, आता कोणा व्हँकूवरवाल्याला देणार आहेत. ही बातमी शुभदाने मला दिली नाही. ती माझ्याशी बोलत नाही, माझ्यासमोर बसून बहिणीशी, सुहासिनीशी, फोनवर बोलते, म्हणजे मला ऐकू यावं. "बापानेच पोराच्या पोटावर पाय दिला, मग परक्यांना काय बोलायचं," असं आज म्हणाली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिच्यासाठी मी हे गिळतोय आणि तीच मला बोल लावते. दुपारी ती पोळ्या लाटत होती आणि माझ्या अगदी ओठांवर आलं, तुझ्याच अक्षता होत्या त्या. तोंड उघडलं. तिने लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "भाजी कसली आहे?"

"दिसत नाही का?" म्हणाली.

१८ नोव्हेंबर, शनिवार

मंडळाच्या मीटिंगला डॉक्टर जनार्दन भेटले. "सुधाकरराव, चिरंजीव पुन्हा किचनरला, सॉफ्टवेअरमध्ये? ऐकलं मी. बरं झालं, वेळेवर शहाणा झाला. तुम्हाला हेच हवं होतं." मी हो म्हटलं. खरंच हेच हवं होतं. वर्षभर मी देवापुढे दुसरं काही मागितलं नाही. आता मंडळात ताठ मानेने सांगता येईल.

जेवण न करता घरी आलो. शुभदाने का म्हणून विचारलं नाही.

३ डिसेंबर, रविवार

आज सकाळी घरचा फोन वाजला. या फोनवर आता जाहिरातवालेच येतात, म्हणून मी तुसडेपणाने उचलला.

"बाबा, मी शंतनू बोलतोय."

तो नेहमी आईच्या सेलवर करतो. आणि मराठीत बोलत होता. सावकाश, शब्द आधी जुळवून ठेवल्यासारखं. मागे गाड्यांचा आवाज येत नव्हता, घरातून बोलत असावा. समोर शुभदा मेथी निवडत बसली होती.

"बाबा, ते फोरमवर तुम्ही लिहिलं. चूक माझी आहे. मी ते खूप वेळा वाचलं."

"हं."

"तुम्ही असं कधी म्हणाला नाहीत. मी लहान असताना पण नाही. आईला पण नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण ते तुम्ही स्ट्रेंजर्सना सांगितलं. मला नाही सांगितलं."

"तुला वाचता येत होतं ना?"

"हो. पण वाचणं वेगळं." नाकाने श्वास घेतल्याचा आवाज आला. "दुकान गेलं, इट्स ओके. माझे पण मिस्टेक्स होते. मी त्यासाठी फोन नाही केला. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. एकदा. मग मी ख्रिसमसला घरी येतो."

शुभदाचे हात थांबले होते. मेथीची जुडी तशीच मांडीवर, आणि ती माझ्याकडे पाहत होती. फोनमधला आवाज तिला ऐकू येत असावा, हल्ली मी आवाज मोठा ठेवतो.

कसं म्हणू? चूक माझी नव्हतीच. अनोळखी लोकांना खोटं लिहिणं निराळं, पोटच्या पोराला स्वतःच्या तोंडाने खोटं सांगणं निराळं. आणि खरं सांगावं तर ती समोर बसलेली. दोन्हीकडून माझीच कोंडी. 'चूक' एवढा शब्द जिभेवर आला होता, तो तिथेच राहिला.

"बाबा? आहात ना?"

"हो," मी म्हटलं. "थांब, आईला देतो."

मी फोन तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही.